मिरची गोल गोल फिरते, पण भाव कुठेय?

या वेळचं पत्र लालबागवरून आलंय, थोडं कापून देतो:

"नमस्कार दादा, आमचं मसाल्याचं दुकान आहे, आजेसासऱ्यांनी सुरू केलेलं. मसाला कुटायचे दोन डंक आहेत, मार्च ते मे जेवायला पण फुरसत नसते. आता वेबसाइट करायचीय आणि त्यावरून घरात दोन पार्ट्या पडल्यात. धाकट्या दिराने एक डिझायनर आणलाय, तो म्हणतो फुल स्क्रीन व्हिडिओ, मिरच्या हवेत उडणार, स्क्रोल केलं की मसाले बरणीत पडणार, वर म्युझिक. सव्वा लाख. सासरे, म्हणजे अण्णा, म्हणतात नाव-पत्ता-फोन टाका, एक पान बस झालं, आपल्या प्रेसवाल्याचा मुलगा आठ हजारात करून देतो. दोघं आता एकमेकांशी धड बोलत नाहीत. हिशेब मी बघते म्हणून निर्णय माझ्या गळ्यात टाकलाय. साधी करू की ग्राफिक्सवाली? डिझायनरच्या डेमोची लिंक सोबत देते. – मधल्यामधे अडकलेली"

ताई, आधी लिंकबद्दल. मी ती मुद्दाम लोकलमध्ये उघडली, कारण तुमचं गिऱ्हाईक पण तशीच उघडणार आहे, एक हात वरच्या कडीला आणि एका हाताच्या अंगठ्यावर सगळा कारभार. कुर्ला सोडल्यावर टॅप केलं. काळी स्क्रीन आली, मधोमध लाल मिरची गोल फिरायला लागली, खाली आकडा, ४ टक्के, ११ टक्के. सायन आलं तेव्हा ३८ वर होती. मग कधीतरी उघडली, खरंच देखणी आहे, खोटं कशाला बोलू, मिरच्या अशा हळूहळू खाली येतात की नाकात ठसका बसावा. पण मी दुकान किती वाजता उघडतं ते शोधत होतो आणि खाली सरकवायला गेलो तर "आवाजासाठी टॅप करा" वर बोट पडलं आणि डब्यात धाडधाड डंक सुरू झाला. समोरच्या काकांनी वर बघितलं. दादरला उतरताना शेवटी तळाशी फोन नंबर सापडला, तो पण चित्रात, म्हणजे दाबून फोन लागत नाही, पाठ करा आणि मग लावा.

हे वाचून अण्णा खूश होतील. त्यांना जरा थांबायला सांगा, त्यांच्याकडे पण येतोय.

त्याआधी माझं एक पाप कबूल करतो. वीसेक वर्षांपूर्वी मी हेच धंदे करायचो. तेव्हा वेबसाइटवर हलती चित्रं चालवायचा फ्लॅश नावाचा प्रकार होता, ज्याला त्याला वेबसाइटच्या आधी "इंट्रो" पाहिजे असायचा, म्हणजे साइट उघडली की आधी सिनेमाच्या नामावळीसारखं काहीतरी चालणार. एका केटररला मी वीस सेकंदांचा इंट्रो करून दिला होता, उकडीचा मोदक फिरतोय, वाफ निघतेय, वाफेतून त्यांचं नाव उमटतंय. तीन रात्री त्या वाफेवर घालवल्या. मालक जाम खूश, येईल त्याला दाखवायचे. सहा महिन्यांनी मी आकडे काढून बघितले तर अख्ख्या साइटवर सगळ्यात जास्त दाबलेलं बटण कुठलं, तर "स्किप इंट्रो". माझी सगळ्यात लोकप्रिय कलाकृती म्हणजे माझ्या कलाकृतीतून पळून जायचं दार. वर त्यांचा मेनू पण फ्लॅशच्या आत होता, सर्च इंजिनला तो धड वाचता यायचा नाही, आयफोनवर तर फ्लॅश कधी चाललंच नाही. शेवटी ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅशच बंद केलं, पुढच्या १२ जानेवारीपासून तर प्लेअर स्वतःच चालायला नकार द्यायला लागला, आणि ती साइट ज्यांनी बदलली नव्हती त्यांच्या दारात एक राखाडी चौकोन तेवढा उरला. मोदक गेला, वाफ गेली, मेनू पण गेला.

तुमचा दीर म्हणेल ते जुनं झालं, आता फाइव्ह जी आहे, डेटा कोण मोजतो. अर्धं बरोबर आहे त्याचं. २०१६ ला जिओ आलं आणि डेटाची चणचण संपली, २०२२ च्या ऑक्टोबरात फाइव्ह जी पण आलं. पण साइट जड होते ती फक्त डाउनलोडमुळे नाही. ते उडणं-पडणं सगळं जावास्क्रिप्टवर, म्हणजे साइटसोबत येणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतं, आणि ते आल्यावर वाचून, समजून, चालवायचं काम तुमच्या फोनच्या प्रोसेसरचं असतं, टॉवरचं नाही. डिझायनरच्या लॅपटॉपवर ते लोण्यासारखं सरकतं. चार वर्षं जुन्या, दहा हजारवाल्या, गुड मॉर्निंगच्या फोटोंनी गच्च भरलेल्या फोनवर तेच अडखळत चालतं, आणि वर्षाचा मसाला करायचा निर्णय घरात ज्या घेतात त्या काकूंच्या हातात हाच फोन असतो हो.

हे भांडत बसण्यापेक्षा मोजता येतं. पेजस्पीड इनसाइट्स म्हणून गुगलचं फुकट पान आहे, त्यात डेमोचा पत्ता टाका आणि मोबाइलवाला रिपोर्ट बघा. तीन गोष्टी बघायच्या. पानावरचा मुख्य भाग, म्हणजे मोठा फोटो किंवा मथळा, अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत काहीतरी हललं पाहिजे, पण हा आकडा खऱ्या वापरावरून येतो, त्यामुळे नव्या साइटला लगेच दिसणार नाही. आणि तिसरी, माझी लाडकी, पान उड्या मारतं का. म्हणजे तुम्ही "फोन करा" दाबायला जाता आणि तेवढ्यात वरून एक फोटो येऊन पडतो, सगळं खाली ढकललं जातं आणि तुमचं बोट भलत्याच ठिकाणी पडतं, त्याचा आकडा ०.१ च्या आत पाहिजे. डिझायनरला सांगा हे जमवून दे आणि मग मिरच्या काय हत्ती उडव. चांगला असेल तर तो वाद घालणार नाही, कामाला लागेल. "क्लायंटला हे कळत नाही" असं म्हणाला तर समजून जा.

आता अण्णा. अण्णा, एक पान, नाव-पत्ता-फोन, आठ हजार. अमेरिकेत बर्कशायर हॅथवे म्हणून कंपनी आहे, वॉरन बफेवाली, जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक, तिची साइट वर्षानुवर्षं नुसती निळ्या लिंकांची यादी होती आणि त्यांचं काही अडलं नाही. पण बफेला ओळख द्यावी लागत नाही, आपल्याला लागते. लालबागमध्ये तुम्हाला सगळे ओळखतात, बोरिवलीच्या नव्या टॉवरमधल्या मुलीला तुम्ही माहीत नाही. तिला व्हॉट्सॲपवर कोणीतरी तुमची लिंक पाठवली, तिने उघडली, पांढरं पान, नाव, नंबर. पैसे आधी पाठवा म्हणालात तर ती पाठवेल? मी नाही पाठवणार, आजकाल रोज कोणी ना कोणी फसतंय. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीने २००२ मध्ये अडीच हजारांवर लोकांना वेबसाइटी दाखवून विचारलं होतं की यातल्या कुठल्या साइटवर विश्वास ठेवाल आणि का, तर जवळजवळ निम्म्या लोकांच्या उत्तरात साइट दिसते कशी हा मुद्दा आला. तेव्हा दिराला वाटतं की दिसण्याने फरक पडतो, ते काही खुळ नाहीये त्याचं. दुकानाची पाटी, दोन डंक, आणि गल्ल्यावर बसलेले तुम्ही, हे तीन फोटो जरी असले तरी ती बोरिवलीची मुलगी म्हणेल, हां, खरी माणसं आहेत.

त्यामुळे ताई, साधी की ग्राफिक्सवाली असं मला विचारलंत तर माझा उलटा प्रश्न आहे, तुमच्याकडे फोनवर लोक काय विचारतात? मी ओळखीच्या एका मसालेवाल्यांकडे दुपारभर बसलो होतो एकदा, साइटच्याच कामासाठी. तेवढ्या वेळात आलेले प्रश्न: आमची मिरची आणली तर कुटून देता का. देठं काढून आणायची का. उन्हात वाळवून आणू की तुम्ही भाजून घेता. चिंचपोकळीला उतरू का करी रोडला. सोमवारी चालू असतं का. मालवणी आणि आगरी मसाल्यात तुमच्याकडे फरक काय. एक किलो मिरचीचा मसाला भरतो किती. पोरगी न्यू जर्सीला असते, पार्सल जाईल का. आणि दर दुसऱ्या फोनला, भाव काय चाललाय. वेबसाइटचं काम एवढंच, की हे फोन निम्मे कमी व्हावेत आणि जे येतील ते ऑर्डरचे यावेत. तर आठ दिवस गल्ल्यावर एक वही ठेवा, फोन घेईल त्याने प्रश्न लिहायचा, फक्त प्रश्न. अण्णांना पण लिहायला लावा. आठ दिवसांनी वही उघडा, जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय त्याचं उत्तर साइटवर सगळ्यात वर. डिझाइन म्हणजे निम्मं हेच आहे आणि ते तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही, सव्वा लाखवाला पण नाही आणि आठ हजारवाला पण नाही. लोकांना वाटतं साधी साइट म्हणजे कमी काम. अहो फोटो उडवून जागा भरता येते, साधी करायची म्हटल्यावर प्रत्येक ओळ लिहावी लागते.

आणि मग त्या वहीतच दिसेल की चित्र कुठे पाहिजे. भावाला चित्र नको, वेळेला नको. पण "ब्याडगी आणि संकेश्वरीत फरक काय" हे तुम्ही चार ओळी लिहून सांगाल, एक रंगाला, एक तिखटाला, तरी नव्या माणसाला कळणार नाही. तेच दोन्ही मिरच्या शेजारी शेजारी ठेवून, पांढऱ्या कपड्यावर, खिडकीच्या उजेडात, एक फोटो काढा, त्या फोटोला कोणी ग्राफिक्स म्हणून नावं ठेवणार नाही. ब्याडगीच्या सालीवरच्या त्या सुरकुत्या दिसल्या पाहिजेत. तसाच पावडरचा, चिमटीत धरलेली जाडी दिसेल असा. इथे पैसे खर्च करा, चांगला फोटोग्राफर बोलवा, मी म्हणेन डिझायनरपेक्षा त्याला चार पैसे जास्त द्या. फिल्टर मात्र लावू देऊ नका. मिरची फोटोत कुंकवासारखी लाल केली आणि घरी विटकरी पोचली की भांडण ठरलेलं. साडीवाल्यांचं, दागिनेवाल्यांचं, इंटिरियरवाल्यांचं वेगळं, तिथे दिसणं हाच माल असतो, त्यांनी खुशाल फोटोंनी पान भरावं. तुमचा माल नाकाला आणि जिभेला कळतो आणि ते काम स्क्रीनला अजून जमलेलं नाही.

फोटोंचं एक तांत्रिक, पण हे कराच. फोनने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे वीस फोटो जसेच्या तसे टाकले की झाली शंभर एमबी, आणि प्रेसवाल्याचा मुलगा बहुतेक जसेच्या तसेच टाकणार, म्हणजे अण्णांची "साधी" साइट दिराच्या साइटपेक्षा जड निघू शकते, हे त्या दोघांपैकी कोणाच्या लक्षात आलेलं नसणार. तोच फोटो बाराशे पिक्सेल रुंदीचा करून वेबपी फॉरमॅटमध्ये सेव्ह केला की शंभर-दीडशे केबीत बसतो, मोबाइलवर डोळ्याला फरक कळत नाही. वीस फोटो, तीन एमबी. आणि खालचे फोटो खाली गेल्यावरच लोड व्हावेत, ही एका शब्दाची सोय आहे, कुठल्याही वेबवाल्याला माहीत असते.

दुसरं, चित्रातली अक्षरं. आपल्याकडे ही खोड प्रिंटिंग प्रेसमुळे लागलीय. भावपत्रक श्रीलिपीच्या छपाईवाल्या फॉन्टमध्ये टाइप करायचं, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सजवायचं, जेपीजी काढायची आणि तीच साइटवर डकवायची. छापायला उत्तम, साइटला घातक. फोनवर ती इतकी बारीक दिसते की दोन बोटांनी ताणून ताणून वाचावी लागते, सर्चमध्ये ती अक्षरं येतील याचा भरवसा नाही, आणि मिरचीचा भाव बदलला की परत प्रेसमध्ये जा. तुम्हाला तर माहितीय सीझनला भाव कसा हलतो. साइटवर मागच्या एप्रिलचा भाव असण्यापेक्षा भाव नसलेला बरा, गिऱ्हाईक तोच स्क्रीनशॉट घेऊन गल्ल्यावर येतं. म्हणून मजकूर सगळा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येतात अशा खऱ्या अक्षरांत, आणि भावाची यादी अशी की तुम्ही स्वतः रात्री दुकान बंद करताना फोनवरून बदलू शकाल. डिझायनरला पहिला प्रश्न हा विचारा, भाव मी बदलायचा कसा, आत्ता माझ्यासमोर करून दाखव. मराठी अक्षरं सुंदर पाहिजेत तर "मुक्ता" फॉन्ट बघा, आपल्या मुंबईतल्याच एक टाइप या मंडळींनी केलेला आहे आणि फुकट आहे. फक्त ओळींमधे अंतर जरा सढळ ठेवायला सांगा. इंग्रजीच्या मापाने ठेवलं की "कुटून" मधले उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात आणि मग सगळंच गिचमिड दिसतं. आणि ते फिकट राखाडी अक्षर नको, कितीही स्टायलिश वाटलं तरी, उन्हात उभं राहून वाचता आलं पाहिजे.

ते सरकणारे बॅनर, पाच स्लाइडवाले, ते पण काढायला लावा, दुसऱ्या स्लाइडपर्यंत कोणी थांबत नाही. याबद्दल जास्त बोलत नाही, मला राग येतो.

ऑनलाइन ऑर्डर घेणार असाल तर काही गोष्टी दिसण्याच्या नाहीत, कायद्याच्या आहेत, त्या कुठल्याही डिझाइनमध्ये बसवाव्याच लागतील. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी लायसन्स नंबर, आणि ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे धंद्याचं कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता, कस्टमर केअरचा आणि तक्रार घेणाऱ्या माणसाचा संपर्क. डेमोमध्ये यातलं काहीच मला दिसलं नाही, मिरच्याच दिसल्या.

पैशाचं म्हणाल तर सव्वा लाख मला जास्त वाटतात आणि आठ हजार कमी. प्रेसवाल्याचा मुलगा असेल हुशार, पण आठ हजारात तो वही वाचत बसणार नाही आणि त्याने का बसावं. तुम्ही दिराच्या डिझायनरलाच विचारा की उडणारं सगळं काढलं, पाच पानं ठेवली, फोटो आम्ही देतो, भाव आम्ही बदलतो, तर किती. चाळीस हजारांच्या आसपास आला तर माणूस सोडू नका, कारण त्याची नजर चांगली आहे, डेमोतले रंग मला खरंच आवडले. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र दुकानाच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डने घ्या, वर्षाला हजाराच्या आतबाहेर खर्च असतो. डिझायनरच्या नावावर घेऊ देऊ नका, नातेवाईक असला तरी नाही. नातेवाईक असला तर मुळीच नाही.

डिझायनरच्या त्या डेमोची चाचणी दुकानातच करा. डंकावर काम करणाऱ्यांपैकी ज्याचा फोन सगळ्यात जुना असेल त्याचा घ्या, वायफाय बंद, रस्त्यावर उभे राहा, अण्णा आणि दीर दोघांना सोबत घ्या. घड्याळ लावा आणि त्या माणसाला सांगा, दुकान किती वाजता बंद होतं ते शोध. त्याला काही शिकवायचं नाही, कुठे दाब सांगायचं नाही, दिराने तर तोंडसुद्धा उघडायचं नाही, हे त्याला जड जाईल. मग प्रेसवाल्याच्या मुलाने केलेली एखादी साइट घेऊन तेच करा. माझा अंदाज आहे की दोन्हीकडे उत्तर सापडायला वेळ लागेल, एकीकडे मिरच्या आडव्या येतात म्हणून, एकीकडे ते लिहिलेलंच नाही म्हणून. निदान त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलायला तरी लागतील.

आणि व्हिडिओ फेकून देऊ नका हां. चाळीस सेकंदांचा चांगल्या क्वालिटीचा व्हिडिओ तीस-चाळीस एमबीचा सहज होतो, तो पहिल्या पानावर आपोआप चालायला नको एवढंच. यूट्यूबवर टाका, इन्स्टावर टाका, साइटवर त्याचं एक चित्र ठेवा, ज्याला बघायचाय तो दाबून बघेल. साइट पावसाळ्यात करा, दुकान रिकामं असतं, वही वाचायला वेळ मिळेल. पण दिराला सांगा शूटिंग मात्र आत्ता एप्रिलमध्येच उरकून घे, मिरच्या वाळत घातलेल्या असतात, दारात पिशव्या घेऊन बायकांची रांग असते आणि दुपारचं ऊन तिरपं आत येतं तेव्हा डंकाच्या वर ती लाल धूळ दिसते. जूनमध्ये कॅमेरा आणलात तर निळी ताडपत्री आणि बंद डंक याच्याशिवाय काही मिळणार नाही.